हाकोनेचा उंबरठा : दहाव्या धावकाची शर्यत

जपानमध्ये टोकियोच्या पश्चिमेला असलेल्या ताचिकावा शहरात दर ऑक्टोबरमध्ये एक अर्धमॅरेथॉन होते. चाळीसहून अधिक विद्यापीठांचे पाचशेच्या आसपास तरुण एकाच वेळी सुटतात आणि बहुतेक सगळे सव्वा तासाच्या आत परततात. शर्यत कोणी जिंकली, याची चौकशी फार थोडे जण करतात. साऱ्यांचे लक्ष असते ते प्रत्येक विद्यापीठाच्या दहाव्या धावकाकडे. तो किती वाजता आला आणि त्याच्या आधीच्या नऊ जणांच्या वेळेत त्याची वेळ मिळवली तर बेरीज किती होते, यावर त्या विद्यापीठाचे पुढचे वर्ष ठरते. पहिली दहा विद्यापीठे जानेवारीत ‘हाकोने एकिदेन’ या रिले शर्यतीत धावतात. अकरावे विद्यापीठ घरी बसून ती दूरचित्रवाणीवर पाहते. या पात्रता शर्यतीला जपानीत ‘योसेनकाई’ म्हणतात. घोळक्याने, आणि घोळक्यासाठी, धावायची अर्धमॅरेथॉन म्हणून तिला दुसरी जोड सापडणे कठीण आहे. मात्र तिचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ती ज्या शर्यतीचे दार आहे, त्या शर्यतीकडे जावे लागते.

एकिदेन म्हणजे लांब पल्ल्याची, रस्त्यावरून धावायची रिले. तिच्यात दंडुका नसतो. धावक खांद्यावरून आडवा घातलेला कापडी पट्टा, म्हणजे ‘तासुकी’, पुढच्या धावकाच्या हाती देतो. जुन्या जपानात क्योतो आणि एदो (आजचे टोकियो) यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर टपालासाठी आणि प्रवाशांसाठी घोडे बदलण्याचे मुक्काम असत. १९१७ साली ‘योमिउरी’ वृत्तपत्राने, राजधानी टोकियोला हलवल्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, त्याच मार्गावर माणसांची रिले भरवली. क्योतोच्या सान्जो पुलावरून निघून टोकियोच्या उएनो भागातील शिनोबाझु तलावापर्यंत पोहोचायचे होते. पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, २३ टप्पे आणि तीन दिवस, रात्रीही न थांबता. ही पहिली एकिदेन. पूर्वेकडचा संघ जिंकला. त्याचा शेवटचा टप्पा धावला शिझो कानाकुरी.

कानाकुरीचे नाव या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. १८९१ साली क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात जन्मलेला हा तरुण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. जपानने ऑलिंपिकला संघ पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या दिवशी उन्हाचा तडाखा इतका होता की पोर्तुगालचा फ्रान्सिस्कु लाझारू हा धावक कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. कानाकुरीही अर्ध्या वाटेच्या पुढे भोवळ येऊन थांबला. रस्त्याकाठच्या एका बागेतल्या कुटुंबाने त्याला आसरा दिला आणि तो शर्यत सोडल्याची नोंद न करताच निघून गेला. १९६७ साली स्वीडनने त्याला पुन्हा बोलावले आणि पंचाहत्तरीच्या या म्हाताऱ्याकडून स्टेडियममधली समाप्तीची फीत तोडून घेतली. त्याची अधिकृत वेळ जाहीर झाली ती ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास-मिनिटे. हा किस्सा जगभर सांगितला जातो, आणि त्यामुळे कानाकुरीचे खरे काम झाकले जाते. स्टॉकहोमहून तो एक हिशेब मनात घेऊन परतला होता. एकेका धावकाला घडवत बसले तर देश कधीच पुढे जाणार नाही. दहा-दहा जणांना एकदम घडवायला हवे. रिले हे त्याचे साधन होते.

१९१९ च्या सुमारास कानाकुरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या डोक्यात अमेरिका धावत ओलांडण्याची कल्पना घोळत होती. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला, रॉकी पर्वत ओलांडून, रिलेने. त्यासाठी धावक निवडायचे तर डोंगर चढण्याची परीक्षा हवी, म्हणून टोकियोपासून हाकोनेच्या घाटापर्यंत जाऊन परत येण्याचा मार्ग ठरला. अमेरिकेची मोहीम कधीच निघाली नाही. निवड चाचणी मात्र शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

पहिली हाकोने शर्यत १४ फेब्रुवारी १९२० रोजी झाली. टोकियो उच्च अध्यापक विद्यालय, मेइजी, वासेदा आणि केइओ अशा चारच संस्था, प्रत्येकीचे दहा धावक. सकाळी विद्यार्थ्यांना वर्ग बुडवता येत नव्हते, म्हणून शर्यत दुपारी एकला सुटली. परिणाम व्हायचा तोच झाला. पाचव्या टप्प्याचे धावक घाट चढू लागले तेव्हा काळोख पडला होता, आणि गावातल्या तरुणांनी मशाली धरून त्यांना वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर अध्यापक विद्यालयाने शेवटच्या टप्प्यात मेइजीला गाठून शर्यत जिंकली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अँटवर्पला ऑलिंपिक झाले. तिथल्या मॅरेथॉनमध्ये कानाकुरी सोळावा आला. त्याच्यामागून सुमारे दोन मिनिटांनी, एकोणिसाव्या क्रमांकावर आला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली पोरे पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला गेला; चौगुले त्या संघात होता. आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये त्या दिवशी जपान आणि हिंदुस्थान यांच्यात अंतर होते ते एवढेच. पुढे ते किती वाढले, हे वेगळे सांगायला नको. फरक पडला तो माणसांत नव्हे, मागे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत. चौगुलेच्या मागे त्याच्यासारखे दहा जण दरवर्षी घडवणारी शर्यत नव्हती.

हाकोनेची व्यवस्था मात्र वाढत गेली. दुसऱ्या वर्षी सात संस्था, तिसऱ्या वर्षी दहा. ही शर्यत भरवते कांतो विद्यार्थी मैदानी क्रीडा महासंघ ही संस्था. कांतो म्हणजे टोकियो आणि भोवतालचे प्रांत. म्हणजे नियमानुसार हाकोने ही राष्ट्रीय नव्हे, तर एका विभागाची विद्यापीठ स्पर्धा आहे. महायुद्धाने ती मोडायला आली होती. १९४१ आणि १९४२ साली ती झालीच नाही. जानेवारी १९४३ मध्ये यासुकुनी देवस्थान ते हाकोने देवस्थान अशी, ‘विद्यार्थ्यांच्या शारीरिक सज्जते’चे नाव देऊन, ती भरवली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांची लष्करभरती सुरू झाली आणि त्या शर्यतीत धावलेले कित्येक जण आघाडीवर गेले. १९४७ च्या जानेवारीत, देश उपाशी आणि शहर जळालेले असताना, दहा संस्थांनी ती पुन्हा उभी केली. १९५५ पासून तिची तारीख २ आणि ३ जानेवारी अशी कायमची ठरली. नववर्षाच्या सुट्टीत घराघरांतली माणसे एकत्र असतात, त्यामुळे ही तारीख फळली.

आजच्या हाकोनेचे एकूण अंतर २१७.१ किलोमीटर आहे. जाताना पाच आणि येताना पाच असे दहा टप्पे, आणि बहुतेक प्रत्येक टप्पा वीस किलोमीटरहून थोडा लांब. सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक म्हणजे दुसरा, २३.१ किलोमीटरचा; प्रत्येक संघ आपला हुकमी धावक तिथे उतरवतो. पाचवा टप्पा घाटाचा. तो समुद्राजवळच्या सपाटीवरून सुरू होऊन साडेआठशे मीटरहून अधिक उंचीवर जातो. टप्प्यांची ही लांबी महत्त्वाची आहे. हाकोनेच्या संघात जागा मिळवायची तर पाच-दहा किलोमीटरचा वेग पुरत नाही आणि मॅरेथॉनची चिकाटी लागत नाही. लागते ती नेमकी अर्धमॅरेथॉनची तयारी. जपानी विद्यापीठांतला लांब पल्ल्याचा धावक अठराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत याच एका अंतरासाठी घडवला जातो.

भाग घेऊ इच्छिणारी विद्यापीठे वाढली तसा प्रवेश मर्यादित करावा लागला. बराच काळ हाकोनेत १५ संघ असत. २००३ पासून ही संख्या २० झाली आणि २०१५ पासून सहसा २१ असते. वीस विद्यापीठे आणि एक संयुक्त संघ. आधीच्या वर्षीच्या शर्यतीतील पहिल्या दहा विद्यापीठांना थेट जागा मिळते. उरलेल्या दहा जागांसाठी बाकीच्यांनी योसेनकाईत उतरायचे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही पात्रता शर्यत टोकियोच्या ओइ बंदराजवळच्या धक्क्यालगतच्या रस्त्यांवर होत असे; २००० साली ती ताचिकावाच्या शोवा स्मृती उद्यानात आली. अंतर वीस किलोमीटर होते. २०१८ साली ते वाढवून २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण अर्धमॅरेथॉन, केले गेले. त्यामुळे इथली वेळ जगात कुठेही मान्य होणारी झाली. विद्यार्थ्याच्या नावापुढे अर्धमॅरेथॉनची अधिकृत नोंद लागू लागली.

शर्यतीचा मार्गही तिच्या स्वभावाला साजेसा आहे. प्रारंभ होतो तो जपानी भूदलाच्या ताचिकावा तळावरच्या धावपट्टीवर. विमानांसाठी बांधलेल्या त्या रुंद, सपाट, सावली नसलेल्या पट्टीवर प्रत्येक विद्यापीठाला एक रांग मिळते, आणि बारा-बारा जण एकामागे एक उभे राहतात. तळावर फेऱ्या मारून झाल्या की घोळका शहरात शिरतो, मोनोरेलच्या खालच्या रस्त्यांनी जातो आणि शेवटचे काही किलोमीटर उद्यानातल्या चढ-उतारांच्या वाटांवर येतो. पहिला भाग सपाट असल्यामुळे पाय आपोआप पळतात. शेवटचा भाग त्या उसनवारीची वसुली करतो.

प्रत्येक विद्यापीठ चौदा नावे देऊ शकते. त्यांतले बारा धावतात आणि पहिल्या दहांची वेळ धरली जाते. अलीकडच्या नियमांप्रमाणे दहा हजार मीटर ३४ मिनिटांच्या आत धावलेल्यांनाच नाव देता येते. बारांतले दोन जण कोसळले तरी चालते. तिसरा कोसळला तर संघाचे गणितच बसत नाही. इथेच ही शर्यत इतर अर्धमॅरेथॉनपासून वेगळी होते. एरवी घोळक्यात धावणारा माणूस शेजाऱ्याचा वारा वापरतो, त्याला दमवतो आणि योग्य क्षणी त्याच्यापासून सुटतो. इथे शेजारी आपल्याच विद्यापीठाचा असेल, तर त्याला मागे टाकून मिळालेले पाच सेकंद त्याच्या दमछाकीत पंधरा सेकंदांनी परत द्यावे लागतात. बेरीज एकच आहे.

यातून ‘शूदानसो’ ही पद्धत आली. शूदानसो म्हणजे जथ्याने धावणे. प्रशिक्षक आपल्या बारा जणांचे गट पाडतो. सर्वांत तगड्या दोघा-तिघांना मोकळे सोडले जाते. त्यांनी पुढच्या घोळक्याबरोबर जाऊन जितके सेकंद कमावता येतील तितके कमवावेत. उरलेल्यांचे एक किंवा दोन जथे होतात आणि प्रत्येक जथ्याला पेस ठरवून दिला जातो. समजा, किलोमीटरला तीन मिनिटे पाच सेकंद. या वेगाने अर्धमॅरेथॉन ६५ मिनिटे ३ सेकंदांत होते आणि दहा जणांची बेरीज दहा तास पन्नास मिनिटांच्या आसपास येते. किलोमीटरला नेमकी तीन मिनिटे धरली तर बेरीज सतरा-अठरा मिनिटांनी खाली येते. या दोन आकड्यांच्या मधोमध बहुतेक वर्षी अनेक विद्यापीठांचे नशीब ठरते.

जथ्याच्या पुढे अनुभवी विद्यार्थी असतो, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाचा. घड्याळ पाहण्याचे काम त्याचे. मागच्यांनी घड्याळ पाहायचे नाही, फक्त समोरच्याची पाठ पाहायची. शेजारून दुसऱ्या विद्यापीठाचा जथा वेग वाढवून निघून गेला तरी पाय हलू द्यायचे नाहीत. हे सोपे नसते. विशीतल्या धावकाला प्रतिस्पर्ध्याचा पट्टेदार बनियन पुढे सरकताना दिसला की त्याचे रक्त उसळते. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये वाहवत जाऊन पंधराव्या किलोमीटरला पाय ओढत चालणारी मुले दरवर्षी दिसतात. दहाव्या किंवा पंधराव्या किलोमीटरनंतर जथा ‘मोकळा’ होतो. ज्याच्यात दम उरला आहे त्याने पुढे निघावे. तिथून शेवटपर्यंत प्रत्येकाने जितके जमेल तितके बनियन मागे टाकायचे. त्या क्षणी पाचशे जणांची ही शर्यत एका लांबलचक पाठलागात बदलते. प्रत्येक माणूस ओलांडला म्हणजे सेकंद मिळतोच असे नाही, पण माणसे मोजत धावले की सेकंद आपोआप मिळतात, असा प्रशिक्षकांचा अनुभव आहे.

जथ्याने धावण्यात धोकाही आहे. पेस ठरवताना प्रशिक्षकाचा अंदाज उन्हाने चुकवला, तर एकटा-दुकटा नव्हे, सगळा जथा एकदम ढासळतो. शिवाय जथा दुबळ्याच्या वेगाने धावतो की सबळाच्या, हा वाद कधी मिटत नाही. म्हणून काही प्रशिक्षक जथा मोडून सगळ्यांना मोकळे सोडतात. दोन्ही पद्धतींनी विद्यापीठे पात्र झाली आहेत आणि दोन्ही पद्धतींनी बुडाली आहेत.

निकाल लगेच कळत नाही, आणि या शर्यतीचा खरा ताण त्या मधल्या वेळात असतो. धावक आले, कोणी गवतावर आडवे झाले, कोणी ओकत बसले. बेरजा चालू असतात. मग महासंघाचा विद्यार्थी पदाधिकारी ध्वनिक्षेपकासमोर येतो आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत फक्त विद्यापीठाचे नाव आणि एकूण वेळ वाचतो. नऊ नावे झाली की उरलेल्या सगळ्या विद्यापीठांचे डोळे त्याच्या ओठांवर असतात. अकरावे नाव वाचले जात नाही.

२०१६ साली त्या दहा नावांत चुओ विद्यापीठ नव्हते. चुओने हाकोने १४ वेळा जिंकली आहे, इतर कोणत्याही विद्यापीठापेक्षा अधिक. त्यांतले सहा विजय १९५९ ते १९६४ असे सलग होते. ८७ शर्यतींत त्याचा संघ खंड न पडता उतरला होता. त्या वर्षी दहाव्या संघापेक्षा चुओची बेरीज ४४ सेकंदांनी अधिक भरली, म्हणजे माणशी साडेचार सेकंदही नाहीत. एवढ्याने ८७ शर्यतींची साखळी तुटली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तर याहून कडेलोट झाला. उकाड्याच्या दिवशी झालेल्या त्या शर्यतीत रिश्शो विद्यापीठ पहिले आले. दहाव्या जागेवर जुनतेंदो विद्यापीठाची बेरीज होती ११ तास १ मिनिट २५ सेकंद, आणि टोकियो कृषी विद्यापीठाची ११ तास १ मिनिट २६ सेकंद. दहा माणसे, दोनशे अकरा किलोमीटर, फरक एक सेकंद.

निव्वळ वेळेवर निवड होण्याची ही साधी रीतही कायम नव्हती. २००२ पासून दहाएक वर्षे तळाच्या काही जागा ठरवताना विद्यापीठाने कांतोच्या वार्षिक मैदानी स्पर्धेत मिळवलेले गुणही धरले जात. म्हणजे भालाफेक्याने आणि अडथळा शर्यतीच्या धावकाने मे महिन्यात मिळवलेले गुण ऑक्टोबरमधल्या लांब पल्ल्याच्या धावकांच्या वेळेतून वजा व्हायचे. हेतू असा की विद्यापीठांनी केवळ हाकोनेच्या नादी लागून बाकीचे मैदानी खेळ टाकू नयेत. हेतू रास्त होता, पण रस्त्यावर पुढे आलेला संघ कागदावर मागे जाणे लोकांना रुचले नाही, आणि ती पद्धत गेली.

योसेनकाईत बुडणाऱ्यांसाठी एक खिडकी २००३ मध्ये उघडली. पात्र न झालेल्या विद्यापीठांतील चांगली वेळ काढलेल्या धावकांचा संयुक्त संघ हाकोनेत उतरू लागला. २००८ साली या जमवाजमवीच्या संघाने चौथा क्रमांक मिळवून सगळ्यांना चकित केले. त्याचा प्रशिक्षक होता सुसुमु हारा, आणि त्याचे स्वतःचे विद्यापीठ, आओयामा गाकुइन, त्या वर्षी पात्रच ठरले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आओयामा गाकुइन योसेनकाईत तेरावे आले. एरवी तेरावा म्हणजे बाद. पण पुढची शर्यत ८५ वी म्हणून जागा वाढवल्या होत्या. तेहतीस वर्षांनी हे विद्यापीठ हाकोनेत परतले ते असे, दाराच्या फटीतून. २०१५ ते २०२५ या काळात त्याने हाकोने आठ वेळा जिंकली.

हाकोनेला राष्ट्रव्यापी महत्त्व दिले ते दूरचित्रवाणीने. घाटातून थेट चित्रे पाठवणे तंत्रज्ञांना अशक्यप्राय वाटत होते. ते १९८७ साली ‘निप्पोन टेलिव्हिजन’ने साधले. त्यानंतर विद्यापीठांना कळून चुकले की दोन दिवस देशभर आपले नाव झळकवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. यामानाशी गाकुइन या नवख्या विद्यापीठाने केनियाहून विद्यार्थी आणले. १९८९ साली जोसेफ ओत्वोरी हाकोनेत धावणारा पहिला परदेशी विद्यार्थी ठरला आणि १९९२ साली ते विद्यापीठ जिंकलेही. आता नियमाने एका संघात एकच परदेशी विद्यार्थी धावू शकतो. योसेनकाईत पुढचा छोटा घोळका बहुधा या केनियन विद्यार्थ्यांचाच असतो. ते साठ-एकसष्ट मिनिटांत येऊन जातात, आणि मागे खरी शर्यत चालू राहते.

कोविडकाळात २०२० आणि २०२१ ची योसेनकाई प्रेक्षकांविना, शहरात न जाता, लष्करी धावपट्टीवरच फेऱ्या मारून झाली. चढ नाही, वळणे थोडी. वेळा भराभर खाली आल्या. २०२० साली जुनतेंदोने दहा तास २३ मिनिटे ३४ सेकंदांची बेरीज केली. त्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी र्‍युजी मिउरा ६१ मिनिटे ४१ सेकंदांत आला. वीस वर्षांखालील जपानी धावकांत हा विक्रम होता. पुढे हाच मुलगा ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याने मोडलेला विक्रम सुगुरु ओसाकोचा होता, ६१ मिनिटे ४७ सेकंद, तोही विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातला, आणि तो झाला होता २०१० च्या आगेओ अर्धमॅरेथॉनमध्ये.

आगेओ ही या कहाणीतली दुसरी कडी. टोकियोच्या उत्तरेकडच्या साइतामा प्रांतातल्या या छोट्या शहरात नोव्हेंबरमध्ये अर्धमॅरेथॉन होते. ती नगरपालिकेची, सर्वांसाठी खुली शर्यत आहे. पण हाकोनेत जागा मिळालेली विद्यापीठे आपले डझनावारी धावक तिथे उतरवतात. डिसेंबरच्या दहा तारखेच्या आसपास प्रत्येक संघाला सोळा नावे द्यायची असतात, आणि ती सोळा कोण हे अनेक प्रशिक्षक आगेओला ठरवतात. त्यामुळे इथली झुंज योसेनकाईच्या बरोबर उलटी असते. तिथे संघभाऊ सांभाळायचा, इथे त्यालाच हरवायचे. घोळका तोच, अंतर तेच, गणित वेगळे. न्यूयॉर्क अर्धमॅरेथॉनचे आयोजक २०१२ पासून इथल्या पहिल्या दोन जपानी विद्यार्थ्यांना आमंत्रण देतात.

या सगळ्याचे फळ काय, यावर जपानमध्ये जुना वाद आहे. पुरुषांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये जपानचे शेवटचे पदक १९९२ चे, कोइची मोरिशिताचे रौप्य. आणि मोरिशिता हाकोने धावलेला नव्हता, तो शाळेतून थेट कंपनीच्या संघात गेला होता. २००२ साली झालेला मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत हलला नाही. टीकाकार म्हणत, हाकोने मुलांना विशीतच पिळून घेते. वीस किलोमीटरलाच आयुष्याचे ध्येय मानायला शिकवते. मग २०१८ मध्ये युता शितारा, त्याच वर्षी ओसाको, आणि २०२१ मध्ये २ तास ४ मिनिटे ५६ सेकंदांत केंगो सुझुकी यांनी तो विक्रम एकामागून एक खाली आणला. तिघेही हाकोनेचे. वाद मिटला नाही, पण टीकेची धार बोथट झाली.

अर्धमॅरेथॉनपुरते बोलायचे तर वादाला जागाच नाही. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांत २०१७ आणि २०१९ साली या शर्यतीची तिन्ही पदके जपाननेच नेली. २०२५ च्या फेब्रुवारीत मारुगामे येथे तोमोकी ओता ५९ मिनिटे २७ सेकंदांत धावला. वासेदाच्या तासुकीत वाढलेला हा धावक तासाच्या आत येणारा पहिला जपानी ठरला. तरीही सर्वोच्च वेळांत पूर्व आफ्रिका खूप पुढे आहे. जपानची ताकद शिखरात नाही, पठारात आहे. पासष्ट मिनिटांच्या आत धावणारे इतके विशीतले तरुण एकाच दिवशी एकाच रस्त्यावर दिसावेत, असे देश जगात थोडे.

हे पठार पुरुषांचे आहे, हेही नोंदवायला हवे. हाकोनेत मुलींना जागा नाही, आणि एवढ्या लांबीची, एवढ्या लोकप्रियतेची समांतर शर्यत त्यांच्यासाठी उभी राहिलेली नाही. दुसरी तक्रार भूगोलाची. शर्यत कांतोची असल्याने देशभरातले शाळकरी धावक टोकियोकडे ओढले जातात आणि क्योतो, ओसाका, फुकुओका इथली विद्यापीठे मागे पडतात. शंभराव्या शर्यतीच्या निमित्ताने २०२३ ची योसेनकाई देशातल्या सर्व विद्यापीठांना खुली केली गेली आणि जागा तेरा केल्या. ५७ विद्यापीठे उतरली. तेराव्या जागेसाठी यामानाशी गाकुइनने टोकियो आंतरराष्ट्रीय विद्यापीठाला तीन सेकंदांनी मागे टाकले. कांतोबाहेरच्यांत सर्वांत पुढे असलेले क्योतो सांग्यो विद्यापीठ सत्ताविसावे आले, म्हणजे बाहेरचे एकही विद्यापीठ पात्र ठरले नाही. एका वर्षाच्या सवलतीने शंभर वर्षांची दरी भरून निघेल, अशी अपेक्षा धरणेच चुकीचे होते. १०१ व्या शर्यतीपासून पात्रता पुन्हा कांतोपुरती मर्यादित झाली.